आधी प्लेअर, मग रेकॉर्डिंग : घरगुती टीव्ही संग्रहासाठी यंत्राची निवड

चर्चगेटहून सुटलेली लोकल सुमारे ६० किलोमीटरचे अंतर कापून विरारला पोहोचते, तोवर सायंकाळच्या मालिका निम्म्या आटोपलेल्या असतात. वसई-विरार पट्ट्यातील नोकरदार घरांत कार्यक्रम रेकॉर्ड करून रात्री किंवा रविवारी पाहण्याची सवय या वेळापत्रकातूनच रुजली. सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह जोडला की काम भागले, असा सर्वसाधारण समज आहे. अडचण पुढे येते. बॉक्स बदलला, नवा टीव्ही घेतला किंवा तेच रेकॉर्डिंग आतल्या खोलीत पाहायचे ठरले, की फाइल उघडत नाही. रेकॉर्डिंग डिस्कवर शाबूत असते. ते वाचणारे यंत्र मात्र घरात नसते.

घरगुती रेकॉर्डिंगचा विचार करताना बहुतेक ग्राहक आधी रेकॉर्डर निवडतात आणि प्लेअरचा, म्हणजे ते रेकॉर्डिंग वाचून पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, विचार शेवटी करतात. हा क्रम उलटा हवा. कार्यक्रम कोणत्या यंत्रावर, किती वर्षे आणि घरातील कोणी पाहायचा आहे, हे आधी ठरवावे. त्यावरून कोठे व कोणत्या स्वरूपात रेकॉर्ड करावे, हे आपोआप ठरते.

कॅसेटने दिलेला धडा

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच दशकात व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत शिरला. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएस पद्धतीचा मोठा गुण असा, की एका घरी भरलेली कॅसेट शेजारच्या कोणत्याही व्हीएचएस यंत्रात चालत असे. कॅसेट आणि यंत्र एकमेकांना बांधलेले नव्हते.

हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे यंत्र अमेरिकेत टिव्होच्या रूपाने १९९९ मध्ये विक्रीस आले. भारतात ही सोय डीटीएच सेवांबरोबर आली. टाटा स्काय ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि तिचा रेकॉर्डिंगची सोय असलेला 'टाटा स्काय प्लस' हा बॉक्स २००८ मध्ये बाजारात आला. (२०२२ पासून ही सेवा टाटा प्ले या नावाने ओळखली जाते.) चालू कार्यक्रम थांबवणे, मागे नेणे, संपूर्ण मालिकेचे रेकॉर्डिंग एकदाच लावून ठेवणे या सोयी कॅसेटच्या काळात नव्हत्या. मात्र रेकॉर्डिंग आता बॉक्सच्या पोटात गेले आणि बॉक्सबाहेर त्याला अस्तित्व उरले नाही.

कॅसेटचेही दिवस पुढे संपले. व्हीसीआर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी अखेरच्या जपानी फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यानंतर जगभरातील कॅसेटी जुन्या, दुरुस्त करून वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवर विसंबून आहेत. संगणकाच्या जगातही हेच घडले. मायक्रोसॉफ्टने विंडोज मीडिया सेंटर हा टीव्ही रेकॉर्डिंगचा प्रोग्राम २०१५ च्या विंडोज १० मधून वगळला. त्याच्या विशिष्ट स्वरूपात साठवलेल्या फाइली मागे राहिल्या. यंत्र सोडून गेले की संग्रह मुका होतो, हा दोन्ही घटनांचा अर्थ आहे.

ओटीटीच्या काळात रेकॉर्डिंग कशासाठी?

लोकप्रिय मालिका इंटरनेटवर केव्हाही पाहता येत असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्त आहे. रोजच्या मालिकेसाठी ओटीटी सेवा पुरेशी असू शकते. परंतु त्या सेवेवरील साठा हक्कांच्या करारावर चालतो. करार संपला की कार्यक्रम निघून जातो. बातम्यांची थेट प्रक्षेपणे, स्थानिक केबल वाहिनीवरील उत्सव, घरातील कोणी सहभागी झालेला प्रश्नमंजूषेचा किंवा गायनाचा कार्यक्रम यांपैकी बरेच काही नंतर कोठेच सापडत नाही.

वसईपुरते उदाहरण घ्यायचे तर, वसईचे लेखक व 'सुवार्ता' मासिकाचे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या संमेलनाची वृत्तवाहिन्यांवरील दृश्ये ज्यांनी आपल्या बॉक्समध्ये साठवली असतील, त्यांच्यासाठी ती केवळ बातमी उरलेली नाही. अशा रेकॉर्डिंगचे मोल वर्षांगणिक वाढते, बॉक्सचे आयुष्य मात्र घटत जाते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल महिलेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या घरी अखंड रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटींचा हा संग्रह पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेला. कॅसेटी कोणत्याही व्हीएचएस वा बीटामॅक्स यंत्रात चालणाऱ्या होत्या, म्हणूनच तो संग्रह परक्या हातांतही वाचता येण्याजोगा राहिला. एखाद्या कंपनीच्या बॉक्समध्ये कुलूपबंद असता, तर त्याचा कोणाला उपयोग झाला नसता.

रेकॉर्डिंगचे तीन प्रकार

प्लेअर निवडण्यापूर्वी घरातील रेकॉर्डिंग कोणत्या प्रकारात मोडते, ते पाहावे.

पहिला प्रकार सशुल्क डीटीएच व डिजिटल केबलचा. या वाहिन्यांचे प्रक्षेपण सांकेतिक स्वरूपात येते आणि बॉक्समधील रेकॉर्डिंगही सहसा त्याच बॉक्सला बांधलेले असते. बाहेरची हार्ड डिस्क जोडून भरलेले कार्यक्रम संगणकावर उघडत नाहीत. त्याच कंपनीच्या दुसऱ्या बॉक्सवरही ते चालतील याची शाश्वती नसते. अनेक सेवांत वर्गणी थांबली की जुने रेकॉर्डिंग पाहणेही थांबते. येथे प्लेअर निवडण्याची मुभाच नाही. बॉक्स हाच प्लेअर. सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चालावेत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये केली होती. मात्र ती बॉक्सच्या अदलाबदलीविषयी होती. साठवलेल्या रेकॉर्डिंगचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

दुसरा प्रकार मुक्त वाहिन्यांचा. दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या तिच्यावर दिसतात, तर खासगी वाहिन्यांची यादी लिलावानुसार बदलत असते. मुक्त वाहिनीचे रेकॉर्डिंग करणारे अनेक बॉक्स साधी, संगणकावरही उघडणारी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवतात. संगणकाला उपग्रह ट्यूनर कार्ड जोडूनही असे रेकॉर्डिंग करता येते. प्लेअर निवडण्याचे खरे स्वातंत्र्य याच प्रकारात आहे.

तिसरा प्रकार जुन्या कॅसेटी, व्हीसीडी आणि डीव्हीडींचा. त्यांचा विचार पुढे केला आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या न्याय्य व्यवहारास मुभा आहे. घरी नंतर पाहण्यासाठी रेकॉर्डिंग करणे हा हक्कभंग नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या बीटामॅक्स खटल्यात दिला होता. भारतीय न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. रेकॉर्डिंगच्या प्रती विकणे, सार्वजनिक ठिकाणी दाखवणे किंवा इंटरनेटवर टाकणे या गोष्टी खासगी वापरात बसत नाहीत. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे.

फाइल ओळखा

एकच कार्यक्रम एका यंत्रावर उत्तम दिसतो आणि दुसऱ्यावर उघडतही नाही, याचे कारण फाइल कोणत्या पद्धतीने आकुंचित केली आहे, यात असते. या पद्धतीला कोडेक म्हणतात. साध्या डिजिटल वाहिन्यांसाठी दीर्घकाळ एमपेग-२ ही पद्धत वापरली गेली. एचडी वाहिन्या प्रामुख्याने एमपेग-४ म्हणजे एच.२६४ पद्धतीने येतात. एच.२६५ ही त्यापुढील पद्धत तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवते. नव्या यंत्राला नव्या पद्धती येतात म्हणून जुनी येईलच, असे मात्र नाही.

रास्पबेरी पाय या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत एमपेग-२ साठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागे. २०१९ च्या चौथ्या मॉडेलात एमपेग-२ चे खास सर्किटच राहिले नाही. २०२३ च्या पाचव्या मॉडेलात एच.२६४ चेही राहिले नाही. ते काम मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने करतो. प्रोसेसर वेगवान असल्याने चित्र दिसते. परंतु 'नवीन म्हणजे सर्व काही चालणारे' हे गृहीतक चुकीचे ठरते.

दुसरी बाब ओळींची. टीव्हीचे प्रक्षेपण बहुधा विषम व सम ओळी आलटून पालटून पाठवते. प्लेअरने त्या नीट जुळवल्या नाहीत, तर हलत्या चित्राच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. क्रिकेटचा चेंडू आणि वृत्तवाहिनीच्या तळाशी सरकणारी अक्षरांची पट्टी या दोन ठिकाणी हा दोष तत्काळ दिसतो.

तिसरी बाब आवाजाची. चित्र आणि आवाज यांचे कोडेक वेगवेगळे असतात. चित्र दिसते पण आवाज येत नाही, याचे कारण बहुतेक वेळा टीव्हीत त्या ध्वनिपद्धतीची सोय नसणे हे असते. टीव्ही बिघडलेला नसतो.

जागेचे गणित सोपे आहे. सेकंदाला ३ मेगाबिट दराने येणाऱ्या साध्या वाहिनीचे एक तासाचे रेकॉर्डिंग सुमारे १.३५ जीबी होते. ८ मेगाबिट दराच्या एचडी वाहिनीचे ३.६ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर साधे सुमारे ७४० तास किंवा एचडी सुमारे २७५ तास मावतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे एचडी रेकॉर्डिंग तासाभरानंतर तुटते किंवा अनेक तुकड्यांत विभागले जाते. एक्सफॅट व एनटीएफएस या पद्धतींत ही अडचण नाही. मात्र घरातील टीव्ही त्या वाचतो काय, हे आधी पाहावे.

कोणता प्लेअर कोणासाठी?

टीव्हीचे यूएसबी पोर्ट : सर्वांत स्वस्त मार्ग, वेगळे यंत्र लागत नाही आणि रिमोट एकच राहतो. मुक्त वाहिनीची फाइल पेन ड्राइव्हवर आणून लावली की काम होते. कोणत्या फाइली चालतात, हे टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही टीव्ही स्वतःही रेकॉर्ड करतात. पण असे रेकॉर्डिंग सामान्यतः त्याच टीव्हीवर चालते. उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. असा टीव्ही घेताना रेकॉर्डिंग दुसऱ्या यंत्रावर वाचता येते का, हे दुकानातच विचारावे.

स्ट्रीमिंग स्टिक व अँड्रॉइड बॉक्स : ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली, त्यानंतर या प्रकारची अनेक यंत्रे घरोघरी पोहोचली. त्यांवर व्हीएलसी किंवा कोडी हे विनामूल्य प्रोग्राम बसवले, की बहुतेक फाइली उघडतात. मात्र स्टिकला बाहेरची डिस्क थेट जोडणे सहसा सोपे नसते. फाइल घरातील वाय-फायवरून आणावी लागते. शिवाय ही यंत्रे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर एकाच वेळी ठप्प झाली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. रोजच्या वापरासाठी स्टिक सोयीची, पण संग्रहाचा एकमेव प्लेअर म्हणून तिच्यावर विसंबू नये.

छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप : एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडलेला जुना लॅपटॉप हा आजही सर्वांत उदार प्लेअर आहे. व्हीएलसी या प्रोग्रामला एमपेग-२ पासून एच.२६५ पर्यंत सर्व पद्धती येतात, ओळी जुळवता येतात आणि इंटरनेट लागत नाही. उणीव आहे ती हाताळणीची. माऊस व कीबोर्ड घेऊन मालिका पाहणे घरातील ज्येष्ठांना रुचत नाही. कोडीसारखा प्रोग्राम आणि साधा रिमोट जोडल्यास ही अडचण बरीच कमी होते.

डीव्हीडी प्लेअर : यूएसबी पोर्ट असलेले जुने प्लेअर काही साध्या फाइली दाखवतात, एचडी फाइली मात्र क्वचितच. घरात व्हीसीडी व डीव्हीडींचा साठा असेल, तर चालू स्थितीतील प्लेअर भंगारात काढू नये.

डीटीएचचा रेकॉर्डिंग बॉक्स : ज्यांना केवळ आजचा भाग उद्या पाहून पुसून टाकायचा आहे, त्यांच्यासाठी हाच सर्वांत सोपा पर्याय. जपून ठेवण्याच्या गोष्टी मात्र त्यात ठेवू नयेत.

एक डिस्क, अनेक खोल्या

दोन-तीन टीव्ही असलेल्या घरात प्रत्येक ठिकाणी पेन ड्राइव्ह नेण्यापेक्षा रेकॉर्डिंग एका संगणकावर ठेवून इतर यंत्रांनी ते घरातल्या नेटवर्कवरून पाहावे, ही रचना सोयीची ठरते. टीव्हीहेडएंड आणि २००२ पासून विकसित होत असलेला मिथटीव्ही हे रेकॉर्डिंगसाठीचे, तर जेलीफिन हा साठवलेल्या फाइली वाटून देण्यासाठीचा प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध आहे. हे सर्व खुले प्रोग्राम असल्याने एखादी कंपनी बंद पडली म्हणून संग्रह अडकून पडत नाही.

एचडी फाइलसाठी सेकंदाला ८ ते १० मेगाबिटचा वेग पुरतो. तरीही काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे किंवा एकाच मजल्यावर डझनभर राऊटर असलेल्या इमारतीत वाय-फाय अडखळते. नालासोपारा-विरारच्या दाटीच्या वसाहतींत हा अनुभव नवा नाही. शक्य तेथे मुख्य टीव्हीपर्यंत लॅनची तार न्यावी. ती एकदाच ओढावी लागते.

पाऊस, दमट हवा आणि वीज

किनारपट्टीवरील या भागात यंत्रनिवडीला हवामानाची एक जास्तीची कसोटी आहे. डीटीएच सेवा वापरतात त्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. रेकॉर्डिंग सुरू असताना सिग्नल तुटला, की फाइलमध्ये खिंडारे पडतात. काही प्लेअर अशा ठिकाणी गोठून जातात, तर काही तेवढा भाग ओलांडून पुढे चालतात. त्यामुळे पावसाळ्यातील एखादी तुटक फाइल ही प्लेअरच्या परीक्षेसाठी उत्तम प्रश्नपत्रिका होय.

वीज अचानक गेली तर काय, याचेही उत्तर फाइलच्या स्वरूपात दडलेले आहे. प्रक्षेपणासाठीची टीएस ही पद्धत १८८ बाइटच्या लहान पाकिटांची बनलेली असते. वीज गेली तरी तोवरचा भाग सहसा वाचता येतो. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका मात्र बहुधा अखेरीस लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर संपूर्ण फाइल उघडत नाही. म्हणून रेकॉर्डिंग टीएसमध्ये करावे आणि नंतर हवे तर एमकेव्ही वा एमपी४ मध्ये बदलावे. केवळ वेष्टन बदलल्याने चित्राचा दर्जा घटत नाही. रेकॉर्डर, डिस्क आणि राऊटर यांना छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टर असणे हिताचे.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचे अनेक भाग पाण्याखाली गेले आणि वीजपुरवठाही खंडित झाला. तळमजल्यावरील घरांत टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेल्या डिस्क व कॅसेटी अशा वेळी सर्वांत आधी भिजतात. संग्रह उंच फळीवर, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. खारी, दमट हवा जोडांना गंज चढवते. त्यामुळे डिशची तार आणि तिचे जोड पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावेत.

सतत चालू राहणाऱ्या यंत्राचे वीजबिलही विचारात घ्यावे. ५ वॉटचा छोटा संगणक अहोरात्र चालला, तर ३० दिवसांत ३.६ युनिट वीज लागते. १५ वॉटच्या रेकॉर्डिंग बॉक्सला १०.८ युनिट, तर ७० वॉटच्या जुन्या डेस्कटॉप संगणकाला ५०.४ युनिट. फुकटात मिळालेला डेस्कटॉप वर्षभरात छोट्या संगणकाहून महाग पडू शकतो.

जुन्या कॅसेटींची निकड

वसईच्या अनेक घरांत लग्ने, बाप्तिस्मे, नाटके आणि गावच्या सणांच्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. सामवेदी म्हणजे कादोडी बोलीतील लग्नगीते, आता हयात नसलेल्या आजी-आजोबांचे आवाज, पाडलेली जुनी घरे त्यांत आहेत. या कॅसेटींना दुसरी प्रत नाही. टीव्हीवरचा कार्यक्रम कदाचित अन्यत्र कोणाकडे असेल. हा ऐवज नसतो.

दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट थेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. आधी फीत स्वच्छ करून घ्यावी लागते. कॅसेटवरून संगणकात प्रत घेणे चालू वेगानेच होते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते, तर भारतातील पाल पद्धतीची. दोन्ही चालवणारा व्हीसीआर मिळाला, तर तो सोडू नये. व्यावसायिकाकडून काम करून घेताना केवळ डीव्हीडी न घेता फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी, कारण घरी जाळलेल्या डीव्हीडीवरील रंगद्रव्याचा थरही काळाबरोबर खराब होतो.

खरेदीपूर्वी दहा मिनिटे

दुकानातील यंत्रावर कंपनीने दिलेली नमुन्याची चित्रफीत नेहमीच सुंदर दिसते. ग्राहकाने स्वतःच्या घरचे रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन जावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. साध्या वाहिनीची, एचडी वाहिनीची आणि पावसात तुटलेली, अशा तीन फाइली उघडतात काय?

२. वृत्तवाहिनीची सरकती पट्टी न थरथरता वाचता येते काय?

३. तिन्ही फाइलींना आवाज आहे काय आणि ओठांशी तो जुळतो काय?

४. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल व एक्सफॅट वा एनटीएफएस डिस्क वाचली जाते काय?

५. कार्यक्रम मध्येच बंद करून पुन्हा लावल्यावर तो त्याच जागेपासून सुरू होतो काय? मागे-पुढे नेताना अडकतो काय?

६. फाइलचे नाव देवनागरीत असल्यास ते वाचता येते की चौकोन दिसतात? चौकोन दिसत असतील, तर नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस असे आकडे लिहावेत; यादीही तारखेप्रमाणे लागते.

७. इंटरनेट बंद केल्यावर यंत्र सुरू होते काय?

८. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला कोणाच्याही मदतीविना कार्यक्रम लावता येतो काय?

यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर बाकी सर्व गुण असूनही ते यंत्र घरातील मुख्य प्लेअर होऊ शकत नाही.

दोन प्लेअरचा नियम

ढोबळ नियम सांगायचा तर, जे रेकॉर्डिंग जपायचे आहे, ते घरातील किमान दोन वेगवेगळ्या यंत्रांवर चालले पाहिजे. एकाच यंत्रावर चालणारे रेकॉर्डिंग त्या यंत्राइतकेच टिकते. रोज पाहून पुसायच्या मालिकांना हा नियम लावण्याची गरज नाही; त्यांच्यासाठी डीटीएचचा बॉक्स पुरे आहे. जपायच्या गोष्टींची यादी बहुतेक घरांत लहानच असते. तेवढ्यासाठी खुल्या स्वरूपातील फाइल, दोन डिस्कवर दोन प्रती आणि दर एक-दोन वर्षांनी त्या उघडून पाहण्याची सवय पुरेशी आहे. बॉक्स परत करण्यापूर्वी किंवा नवा टीव्ही आल्याच्या दिवशीच ही तपासणी करावी. जुने यंत्र घराबाहेर गेल्यावर तिचा उपयोग नसतो.